पाच नंबरच्या दारातली चप्पल

डाव्या पायातली चप्पल काढली, दारासमोर उलटी टाकली आणि पाच नंबरच्या भोकातून मी डोकं आत घातलं. मागून भिकाजी आग्रे म्हणाला, "धाकू, आत देव भेटला तर माझं पण नाव सांग."

"सांगीन," मी म्हटलं. "पण तो विचारणार, हा काम काय करतो. मग काय सांगू?"

भिकाजी हेदवीचा. त्या सफरीत माझा जोडीदार. माणूस सोन्यासारखा, पण निम्मं काम हे हत्यार आणायला जाण्यातच असतं अशी त्याची समजूत होती. आताही मी कमरेपर्यंत आत गेलो नाही तोच त्याला आठवलं, की नळीत खुपसायची लांब सळई वर्कशॉपात राहिली. तो सळई आणायला गेला. वर्कशॉपाच्या वाटेवर भटारखाना लागतो, हे तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगून ठेवतो.

आता इंजिन कसलं ते ऐका. मोटारीचं इंजिन पाहिलं असेल तर ते विसरा. 'जलकेतकी'चं इंजिन म्हणजे तीन मजली चाळ होती, भाडेकरू तेवढे नव्हते. सिलिंडर एका रांगेत उभे, आणि एकेकाच्या आत पंगत बसावी एवढी जागा. गावात सांगताना मी ती पंगत दहा जणांची करतो. इथे लिहायचं आहे म्हणून दोघांनाच बसवतो. सिलिंडरात पिस्टन वरखाली होतो. त्याला वंगण म्हणून जे जाड तेल पाजतात, ते आपलं काम झालं की काजळी पोटात घेऊन खाली उतरतं आणि पिस्टनच्या खालच्या लोखंडी पेटीत साचतं. पेटी कसली, बुटकी खोलीच. माणूस ओणवा होऊन शिरेल एवढी. मधोमध पिस्टनचा दांडा, माडाच्या खोडाएवढा. तळाला मागच्या कोपऱ्यात एक खळगा, आणि खळग्यातून निघालेली नळी खाली गाळाच्या टाकीपर्यंत. थोडक्यात मोरी. घरची मोरी तुंबली तर बायको बोलते. ही मोरी तुंबली तर साचलेल्या तेलाला एक ठिणगी पुरते, आणि मग भर समुद्रात इंजिनाच्या पोटात होळी पेटते.

ती होळी पेटू नये हे पाहणारा माणूस म्हणजे आमचे सारंग, उस्मानचाचा परकार. इंजिनातल्या खलाशांचा मुकादम तो सारंग. राहणार अंजनवेल. बांधा बुटका, दाढी छातीवर रुळणारी, आणि पोट असं, की चाचा जिना चढताना आधी पोट वर पोचायचं आणि मग चाचा आले का ते बघायचं. त्यांना एक सवय होती. जहाज चालू असो की उभं असो, खालच्या मजल्यावरून जाताना ते त्या सगळ्या निचऱ्याच्या नळ्यांवरून ओळीने तळवा फिरवत जायचे. बोलणं एकाशी चालू, नजर दुसरीकडे, आणि हात नळ्यांवर. वैद्य नाडी बघतो तसा. चालत्या इंजिनाची नळी मोकळी असेल तर कोमट लागते, आतून बारीक थरथरते. तुंबली की थंड आणि गप्प.

पाच नंबरची नळी डर्बन सोडल्यापासून गप्प होती. चाचांनी तोटी उघडून बघितली, वाफ सोडून बघितली, दोन शिव्या घालून बघितल्या. काही उपयोग झाला नाही. मोंबासाच्या बाहेर धक्क्यावरच्या जागेची वाट बघत नांगर पडला, तेव्हा चीफ इंजिनीअरांनी हुकूम दिला, सगळ्या पेट्या उघडा, साफ करा, आणि पाचची मोरी मोकळी केल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही.

पेटीत शिरण्याचे नियम चाचांचे होते. बूट घालून आत जायचं नाही. बुटाच्या तळव्याला चिकटलेला खडा आत राहिला की सिलिंडर ओरबाडतो. म्हणून प्रत्येक दारासमोर मोटारीच्या टायरच्या चपला ठेवलेल्या. दारापर्यंत चपला, आत अनवाणी. आणि जो आत जाईल त्याने एक चप्पल उलटी ठेवायची. उलटी चप्पल म्हणजे माणूस आत आहे. ती सुलटी होईपर्यंत इंजिनाला कुणी बोट लावायचं नाही.

इतर जहाजांवर पाट्या असतात, कुलपं असतात. चाचा म्हणायचे, पाटी वाऱ्याने पडते आणि कुलपाची किल्ली हरवते. आमच्या मुलखात उलटी चप्पल चुकून राहत नाही. उलटी राहिली तर घरात भांडण होतं हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. तेव्हा उलटी दिसली की समजायचं, कुणी तरी मुद्दाम ठेवली आहे. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती. अजूनही वाटते. तिच्यातलं छिद्र तेवढं मला मागाहून दिसलं.

तर मी आत शिरलो.

दांड्याला वळसा घालून मागच्या कोपऱ्यात जायचं म्हणजे सापाने शिकवणी लावावी असं काम. एका कुशीवर आडवा झालो. सकाळीच खळग्यात डिझेल ओतून ठेवलं होतं, गाळ नरम पडावा म्हणून. उरलेला डबा उशाशी. बॅटरी लावली आणि सहज वर पाहिलं, तर माझ्या डोक्यावर, बराच वर, पिस्टनचं बूड. काळंभोर, तेलाने चमकणारं. सिलिंडरच्या भिंती आरशासारख्या, आणि त्यांत माझ्या बॅटरीचा उजेड गोल गोल फिरत वर गेलेला. एवढी वर्षं ज्याच्या आवाजात झोपलो, जेवलो, त्याच्या पोटात मी होतो, आणि ते गप्प होतं. देवळाच्या गाभाऱ्यात आपण उगाच हळू बोलतो ना, तसा मी तिथे एकट्यानेही हळू खोकलो.

खळग्यावरची जाळी काढली आणि उजवा हात आत घातला. तोंड अरुंद, चिरीसारखं. मनगट गेलं, कोपर गेलं. आत गाळ कसा म्हणाल, तर वर शिरा आणि खाली फरशी. बोटांनी खरवडून मूठमूठ काढू लागलो. दोनतीन मुठी निघाल्या. चौथ्या वेळी हात मागे घेतला तर येईना.

माझ्या हातात तांब्याचं कडं होतं. सांधे दुखतात म्हणून घातलेलं. मनगटात सैल, पण तळव्यावरून न निघणारं. ते आत आडवं झालं आणि चिरीच्या ओठाला आतून खिळीसारखं अडकलं. ओढलं की जास्तच बसायचं. मला हसू आलं. भिकाजी येईल, सळईने कडं सरळ करील, आणि पुढे महिनाभर जहाजावर ही गोष्ट फिरेल, एवढीच मला काळजी.

तेवढ्यात खालून घुंई असा आवाज आला.

तो आवाज मी ओळखत होतो. बंद इंजिन हळूहळू फिरवायला एक छोटी मोटार असते, टर्निंग गिअर म्हणतात. मुंगीने हत्ती ओढावा तशी ती आख्खं इंजिन फिरवते. पुढच्या सिलिंडरचा पिस्टन हवा त्या जागी आणायचा असला की ती लावतात. आधी वाटलं, नुसती मोटार तपासत असतील. मग माझ्या पाठीला टेकलेला दांडा सरकला.

मी ओरडलो. दार माझ्या पायांकडे, माझं तोंड कोपऱ्याकडे, आणि बाहेर जनरेटर चालू. जनरेटरच्या आवाजात शेजारच्या माणसाच्या कानात सांगितलेलं त्याला कळत नाही, तिथे लोखंडाच्या पेटीतून कोण ऐकणार? हात ओढला. कडं रुतलं. पुन्हा ओरडलो. मग वर बघितलं.

पिस्टन खाली येत होता.

तो येताना दिसायचा नाही. नजर लावून धरली तर वाटायचं, जागच्या जागी आहे. नजर काढून परत लावली, की जवळ आलेला असायचा. सूर्य बुडतो तसा. त्याच्या बुडावरून तेलाचे थेंब सुटत होते, एक माझ्या कपाळावर, एक गालावर, आणि ते कोमट नव्हते, थंड होते. मला भीती वाटली असं मी सगळीकडे सांगतो, कारण लोकांना तेच पटतं. खरं सांगायचं तर भीती थोडा वेळ वाटली, आणि मग तिच्यापेक्षा मोठं काही तरी येऊन बसलं. एवढं प्रचंड धूड, आणि इतकं मऊ चालणारं. आवाज नाही, धक्का नाही, घाई नाही. त्याला माझा राग नव्हता. मी तिथे आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. लहानपणी आमच्या खाडीत एकदा होडीखालून देवमासा गेला होता. त्याची पाठ संपतच नव्हती. बापाने वल्ही वर घेतली आणि हात जोडले. पेटीत मला एकदम तो बाप आठवला. एक हात अडकलेला, त्यामुळे जोडताही येईनात.

मग मी काय केलं? लोक म्हणतात, धाकू, तू शक्कल लढवलीस. शक्कल कसली? अडकलेला हात बाहेर येत नव्हता, पण त्याची बोटं आत मोकळी होती, आणि ती बोटं ज्या कामाला आत गेली होती ते काम अजून करत होती. मी काही त्यांना सांगितलं नव्हतं. ती आपली खरवडत होती. मलाही वाटलं, चला, तेवढं तरी होऊ दे. डाव्या हाताने डिझेलचा डबा खळग्यात उपडा केला. बोटं नळीच्या तोंडाशी पोचली. तिथे ती फरशी होती, जिच्यावर चाचांच्या वाफेचा आणि शिव्यांचा उपयोग झाला नव्हता. नखं लावली. एक कड हलली. दुसरी हलली. पिस्टन आता एवढा जवळ, की माझ्या खांद्याचं प्रतिबिंब त्याच्या तेलात दिसत होतं.

आणि ती फरशी सुटली. गडगड करत खाली गेली आणि तिच्यामागून सगळं डिझेल, सगळा गाळ, घटाघटा. तुंबलेली मोरी मोकळी होण्याच्या आवाजासारखा सुखाचा आवाज दुनियेत नाही. मरणाच्या दारातसुद्धा मला बरं वाटलं. डर्बनपासून गप्प असलेली पाच नंबर बोलली.

मग घुंई थांबली.

पिस्टन माझ्या खांद्याला टेकला होता का, असं विचारतात. गावात मी सांगतो की टेकला होता, आणि सदऱ्यावर त्याचा ठसाही उठला होता. खरं सांगतो, मध्ये तळहात मावला असता. पण तो तळहात आडवा, उभा नव्हे.

बाहेर काय घडलं ते मला नंतर सेकंड इंजिनीअर कुरियन साहेबांनी सांगितलं. केरळचे होते, कमी बोलायचे, आणि त्या दिवशी जेवढं बोलले तेवढं मग सबंध सफरीत बोलले नाहीत. सहा नंबरचा पिस्टन बघायचा होता म्हणून त्यांनी सारंगांना विचारलं, सगळे बाहेर आहेत का. सारंग त्यांच्याशी बोलत बोलत दारांच्या रांगेवरून शेवटपर्यंत चालत गेले, मागे वळले, पुन्हा एकदा सगळी रांग नीट डोळे भरून पाहिली. एकही चप्पल उलटी नव्हती. त्यांनी हात वर केला. मोटार लागली. सारंग जिन्याने खालच्या मजल्यावर उतरले, आणि आपल्या सवयीने नळ्यांवरून तळवा फिरवत निघाले. एक, दोन, तीन, चार. सगळ्या थंड, कारण इंजिनच थंड. पाचवर हात ठेवला आणि ते थांबले. मागोमाग उतरलेले साहेब म्हणाले, माणूस विंचवावर हात पडल्यावर थांबतो तसे.

नळीतून काही तरी गडगडत खाली आलं होतं.

मोरी आपली आपण मोकळी होत नाही. मोकळी होते तेव्हा तिच्या दुसऱ्या टोकाला हात असतो. हे चाचांच्या डोक्याला कळायच्या आधी त्यांच्या तळव्याला कळलं. जनरेटरवर मात करील असा आवाज त्या छातीतून निघाला:

"बंद करा. पाचात माणूस हाय."

साहेबांनी स्वतः मोटारीचा फ्यूज काढून खिशात घातला. पिस्टन उलटा फिरवून वर घ्यायलाही चाचा तयार होईनात. म्हणाले, आता ह्याला हलवायचं नाय, आधी पोर बघू. माझं वय तेव्हा तिशीच्या पुढे, पण चाचांना सगळेच पोर. आणि मग त्यांनी जे केलं ते आठवलं की आजही मी चकित होतो. त्या दाराच्या भोकात आणि चाचांच्या पोटात कितीतरी वर्षं बोलाचाली नव्हती. ते पोट त्या भोकातून कसं गेलं हे मला कळलेलं नाही. मी पायांकडून घुसमटल्यासारखा आवाज ऐकला, मग दाढी दिसली, आणि तेलाने माखलेला चेहरा माझ्या चेहऱ्याशी आला.

"नळी मोकळी झाली का रे?" त्यांनी विचारलं.

"झाली, चाचा."

"मग हात काढू तुझा."

करवतीचं पातं चिरीत घालून त्यांनी कडं कापलं. कापताना माझ्या मनगटाला जखम झाली, तिची खूण अजून आहे. पूर्ण वेळ त्यांचा डावा तळवा माझ्या दंडावर होता. नळीवर ठेवतात तसा.

बाहेर आलो तर समोर भिकाजी. एका हातात सळई, एका हातात चहा. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. चाचांनी चहा घेतला आणि मला दिला, सळई घेतली आणि भिकाजीकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

मग सगळ्यांची नजर चपलांवर गेली. पाच नंबरच्या दारासमोर माझ्या दोन्ही चपला सुलट्या, एकमेकींना चिकटून, टोकं सरळ. लग्नघरात ठेवतात तशा.

चाचांनी सगळ्यांना ओळीने उभं केलं. कुणी सरळ केली? कुणीही नाही. भिकाजीने हेदवीच्या गणपतीची शपथ घेतली, वर दोन गावदेवींची घेतली. मी शपथेवर सांगितलं की मी उलटी ठेवली होती, आणि भिकाजीने ती पाहिली होती. कुरियन साहेब म्हणाले, आम्हा दोघांशिवाय त्या रांगेवरून कुणी गेलंच नाही. आणि साहेबांच्या पायात बूट होते. त्यांना त्या खुळ्या चपलांकडे बघायची सवयही नव्हती.

संध्याकाळी चाचा जेवायला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. हात गळ्यात बांधलेला असल्याने मी बिछान्यात. रात्रीत त्यांचं वय वाढलं होतं. म्हणाले, कप्तानाला सांगितलंय, मोंबासालाच उतरतो. विमानाचं तिकीट देतील.

"का पण?" मी विचारलं.

"माझे डोळे गेले रे. तुझी चप्पल तेव्हा उलटीच व्हती, आणि मला सुलटी दिसली. मागाहून धावपळीत कुणाचा पाय लागून सरळ झाली असंल. ज्याला चप्पल दिसत नाय त्याच्या शब्दावर इंजिन फिरवायचं? तू वाचलास ही अल्लाची मेहेरबानी. दुसरा वाचायचा नाय."

ते बोलत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. डोळे भरून आले होते त्यांचे, म्हणून मी नजर खाली घेतली. खाली, उंबऱ्याशी, माझ्या चपला पडल्या होत्या. एका हाताने काढलेल्या, वाकड्यातिकड्या, एक उलटी.

चाचा म्हणत होते, घरी जाऊन चार झाडं लावीन, नातवंडं सांभाळीन. आणि म्हणता म्हणता त्यांचा उजवा पाय स्वतःच्या सपातेतून बाहेर आला. अंगठ्याने माझी उलटी चप्पल उचलली, सुलटी केली, दुसरीच्या शेजारी सरकवली, दोघींची टोकं सारखी केली. आणि पाय परत सपातेत जाऊन बसला. चाचांनी खाली पाहिलं नाही. त्यांचं वाक्यही तुटलं नाही. त्या पायाने मालकाला विचारलंच नव्हतं.

मी पेटीत पडून तो पिस्टन येताना पाहिला होता. पण अंगावर काटा आला तो आत्ता. अंजनवेलच्या कुठल्या तरी उंबऱ्यावर, कधी तरी, कुठल्या आईने ह्या पायाला सांगितलं असेल, उलटी चप्पल दिसली की सरळ करायची. पाय विसरला नव्हता. एवढी बंदरं झाली, एवढी इंजिनं झाली, स्वतः नियम केला, तरी पाय विसरला नव्हता. ह्या पायाने काल मला त्या पिस्टनखाली ठेवलं होतं, आणि वरून खाली उतरल्यावर ह्याच माणसाच्या हाताने मला बाहेर काढलं होतं. आणि दोन्ही वेळा मालक दुसरीकडेच बघत होता.

हे त्यांना सांगायचं? डोळे शाबूत आहेत चाचा, पाय बघा आपला, असं? हा माणूस उरलेलं आयुष्य पायाकडे बघत बसला असता. आणि न सांगावं तर मोंबासाला उतरणार.

तोपर्यंत मी आयुष्यात थापा मारल्या नव्हत्या. म्हणजे मासा केवढा होता ह्या बाबतीतल्या सोडून. त्या सकाळी पहिली मोठी थाप माझ्या तोंडून निघाली, तीही विचार न करता. घराण्यात असावी.

"चाचा, डोळ्यांचा दोष नाय," मी म्हटलं. "मी बघितलं कुणी सरळ केली. आतून, दाराच्या भोकातून दिसलं. काल सगळ्यांसमोर बोललो नाय, हसतील म्हणून."

"कुणी?"

"म्हातारा व्हता एक. पाय ओले. चालला तिथे पाणी उमटत व्हतं. चप्पल सरळ केली, हसला आणि गेला."

चाचा खाली बसले. खलाशाला दर्यातल्या म्हाताऱ्याचं नवल नसतं. मुसलमान त्याला पीर म्हणतात, आम्ही मूळपुरुष म्हणतो, नारळ दोघेही त्यालाच देतात.

"दाढी व्हती?" त्यांनी हळूच विचारलं.

"छातीपर्यंत."

"अंगाने कसा?"

"बुटका. पोट जरा पुढे."

माझ्यातला खट्याळपणा मला नको तिथेही सोडत नाही. चाचांनी आपल्या दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आपल्याकडचाच असणार."

"आपल्याकडचाच," मी म्हटलं. "जाताना बोलून गेला, उलटी चप्पल माझ्याने बघवत नाय. उस्मानला सांग, ती दाराच्या मुठीला टांग."

चाचा मोंबासाला उतरले नाहीत. त्या दिवसापासून 'जलकेतकी'वर आत जाणारा माणूस चप्पल तारेने दाराच्या मुठीला टांगू लागला, आणि टांगलेल्या चपलेला सरळ करायचं कुणाच्याही पायाला सुचलं नाही. कुरियन साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा भिकाजीने त्यांना म्हाताऱ्याची हकिगत सांगितली. तोवर म्हाताऱ्याच्या हातात कंदील आला होता.

पुढे आम्ही दोघंही दर्या सोडून घरी बसलो. मी वर्षातून एकदा तरी अंजनवेलला चाचांकडे जायचो. ते पडवीत बसून आल्यागेल्याला ओल्या पायांच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायचे, साक्षीला मला धरायचे, आणि दर वर्षी म्हाताऱ्याची दाढी वाढलेली असायची. मी मान हलवायचो. आणि दर वेळी, आत शिरताना, त्यांच्या उंबऱ्याशी माझी एक चप्पल मी मुद्दाम उलटी ठेवायचो. ते सामोरे यायचे, हात धरायचे, प्रकृती विचारत आत न्यायचे. परत निघताना बघावं तर चप्पल सुलटी, जोडीला लागलेली, टोकं सारखी. एकदाही चुकलं नाही. मी गुहागरच्या एस. टी.त बसून एकटाच हसत घरी यायचो. त्यांना कळलं होतं का? एकदा म्हणाले होते, धाकू, तुझ्या त्या म्हाताऱ्याचं पोट मला ओळखीचं वाटतं. एवढंच. मी विषय बदलला.

शेवटी गेलो तेव्हा सामोरं कुणी आलं नाही. चाचा आतल्या खाटेवर होते. पोट कुठे गेलं होतं कोण जाणे. दाढी तेवढी उरली होती. सून रेहाना म्हणाली, हल्ली माणसं ओळखत नाहीत. मी खाटेशी बसलो. त्यांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा तळवा चादरीवरून सरकत आला, माझ्या उजव्या मनगटावर, त्या कड्याच्या खुणेवर येऊन थांबला आणि तिथे बराच वेळ राहिला.

"कोमट हाय," ते म्हणाले. "चालू हाय."

मी उठलो तेव्हा त्यांना झोप लागली होती. बाहेर आलो. उंबऱ्याशी माझी चप्पल मी ठेवली होती तशीच उलटी होती. रेहाना मागून आली, आणि तिचाही पाय आपसूक पुढे झाला.

"राहू दे गो," मी म्हटलं. "माणूस आत आहे."

तिला काय समजलं कोण जाणे, पण तिने पाय मागे घेतला. मी दुसरी चप्पल पायात घातली आणि तसाच, एका पायाने अनवाणी, स्टँडकडे चालू लागलो.